टोकावड्याच्या जीपवाल्याचे पाय

गाडी चालवता चालवता तो डावा हात वर करायचा आणि एक बोट उभं धरायचा. तेवढ्यावर सगळी जीप गप्प व्हायची. मागच्या बाकावरच्या बायका बोलणं अर्धवट सोडायच्या, फोनवर असलेला माणूस फोन मांडीवर पालथा ठेवायचा, कोंबडी घेऊन बसलेली बाई कोंबडीवर पदर टाकायची. तो मान किंचित कलती करून ऐकायचा. आम्हीही ऐकायचो. आम्हाला इंजिनाच्या घरघरीपलीकडे काहीच ऐकू यायचं नाही.

"आवाज उगाच येत नाय," तो म्हणायचा आणि गाडी कडेला घ्यायचा.

मग पान्हा घेऊन गाडीखाली शिरायचा. बाहेर यायचा तेव्हा तळहातावर एखादा सैल झालेला नट असायचा. लहान मुलाचा पडलेला दात घरभर दाखवतात, तसा तो नट आम्हाला दाखवायचा, आणि परत जागेवर बसवायचा. उशीर झाला म्हणून कुणी कुरकुर केली की म्हणायचा, "घाई होती तर काल निघायचं ना."

ईरा, अर्णव, तुम्ही दोघांनी हे पाहिलेलं आहे. दोन सुट्ट्यांत तुम्ही त्याच्या शेजारी बसून मुरबाडला गेलात आणि परत आल्यावर घरात बोट वर करून मला गप्प बसवत होतात. या वेळी आलात तेव्हा जीप तीच होती, पण चालवणारा दुसरा होता. जाताना ईराने विचारलं, "आजी, ते काका कुठे गेले?" मी म्हटलं, "पाय दुखतात त्यांचे." गडबडीत होते म्हणून तेवढंच सांगितलं. ते उत्तर पुरेसं नव्हतं, म्हणून आता नीट लिहिते.

मुरबाडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते तेव्हापासून त्याच्या जीपने जात होते. निवृत्त झाल्यावर बँक, वाचनालय, दवाखाना यांसाठी जात राहिले. पुढची खिडकीजवळची जागा माझी, असं त्यानेच ठरवून टाकलं होतं. पण पोटुशी बाई आली की मला बिनदिक्कत उठवायचा. "बाई, आज तुमी मागं. हिला धक्के नको." मागे बसून मी त्याला आरशात दिसले की म्हणायचा, "बाई रागावल्या." मी रागावलेली नसायचे, आणि ते त्याला माहीत असायचं.

पावसाळ्यात त्याचा भात आणि हिवाळ्यात भेंडी. आपल्याकडे भात निघाला की ओल असेल तिथे भेंडी लावतात. ती मुंबईच्या बाजारात जाते, थोडी विमानानेही जाते. तिकडे परदेशात तुमच्या दुकानात दिसते तिच्यातली काही इथली असू शकेल. पहाटे शेतात फवारणी किंवा तोडणी, आणि दिवसभर गाडी, असा त्याचा हिवाळा.

अशाच एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की स्टँडवर गाडी लावली की तो सीटखालचा निळा कॅन काढतो आणि पायांवर पाणी ओततो. थंडीचे दिवस होते. लोक कानाला मफलर बांधून उभे, आणि हा ओल्या पायांनी डोळे मिटून बसलेला.

"काय झालं, भाऊ?" मी विचारलं.

"मुंग्या येतात. कधी कधी आग होते. काय नाय, जाईल."

ते जाणार नव्हतं. त्या दिवशी मात्र सगळ्या जीपने ते ऐकलं होतं, आणि तिथून मुरबाडपर्यंत जीपचा दवाखाना झाला. एक म्हणाला, शुगर. दुसरा म्हणाला, तंबाखू, आपल्या सासऱ्याला तंबाखूनेच झालं होतं. कल्याणला नोकरीला जाणाऱ्याने फोनमध्ये बघून सांगितलं, "भाऊ, मणक्याची नस दबली. टाइम काढून एमआरआय करा." रानभाज्या विकायला जाणारी ठाकूरवाडीची म्हातारी सगळ्यांत शेवटी बोलली.

"बिब्बा लाव."

"मावशी, तू ताप आला तरी बिब्बाच सांगते."

"मग जिवंत हाय ना मी."

सगळे हसले. तोही हसला. पण उतरताना त्याने पाय खाली टेकवला तो असा, जणू खाली काचा पसरल्या आहेत.

पुढचे काही महिने त्याने कारण शोधण्यात घालवले. गाडीत बिघाड शोधतात तसंच. आधी शुगर तपासली, ती निघाली नाही. मग तंबाखू सोडला आणि थांबून पाहिलं. फरक पडला नाही. मग पायाखालचा पत्रा इंजिनामुळे तापतो म्हणून त्यावर गोणपाट टाकलं आणि थांबून पाहिलं. मग घरची बोअर बंद करून विहिरीचं पाणी प्यायला लागला. त्याच्या बायकोला या पद्धतीचा संताप यायचा. एकदा स्टँडवर त्याला डबा द्यायला आली, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाली, "बाई, तुमीच सांगा ह्यांना. एकेक करत बसल्यात. सगळंच सोडा ना एकदम."

"दोन नट एकदम फिरवले तर सैल कुठला होता ते कसं कळंल?" तो म्हणाला.

"तोवर गाडी दरीत जाईल."

"दरी हाय कुठं मुरबाडच्या रस्त्याला?"

ती डबा आदळून गेली. मग तो माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला, "बाई, अंगावरची चादर पण पायाला लागली की सहन होत नाय. हिला मी सांगत नाय सगळं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने मला कल्याणच्या नसांच्या डॉक्टरांकडे येण्याविषयी विचारलं. डॉक्टर भराभर इंग्रजीत बोलतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी गेले.

डॉक्टर तरुण होते आणि मराठीतच बोलले. माझी गरज नव्हती, पण मी बसले. त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो खूश झाला. हा आपल्यासारखाच शोधणारा माणूस आहे, असं त्याला वाटलं असावं.

"दारू?"

"लग्नाआधी होती. हिनं सोडवली."

"मांसमच्छी?"

त्याने शर्टाच्या आतून तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. आई गेली त्या वर्षी त्याने माळ घातली होती. तेव्हापासून सुकटसुद्धा बंद.

"मग दूध, दही?"

"दूध डेरीला जातं."

"तुम्ही काय पिता?"

"कोरा चहा."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि सांगितलं की बी-बारा तपासू, ते कमी असणार, त्यानेही नसांना त्रास होतो. इंजेक्शनं घ्यावी लागतील.

"त्यात मासळी नाय ना?" त्याने विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. "नाही. माळेला चालतं," ते म्हणाले. मग फवारणीकडे वळले. पंप कोण मारतं, औषध कशाने ढवळता, पायात काय असतं?

"पंप मीच. ढवळतो काठीनं, काठी नसली तर हातानं. पायात काय नाय, बुटात चिखल जातो."

"आणि आग झाली की काय करता?"

"पाणी ओततो. गाडीत कॅन असतो भरलेला."

"कसला कॅन?"

"औषधाचा," तो म्हणाला. डॉक्टरांचा चेहरा बघून त्याने घाईने पुढे सांगितलं, "रिकामा हो. राखेनं घासून धुतलेला. लय जाड असतो, गळत नाय कधी. म्हणून ठेवतात सगळे."

आपल्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. ज्या पाण्याने तो इतके महिने पाय थंड करत होता, ते पाणी त्या कॅनमधलं होतं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, आणि त्याने नाही झालं असंही म्हणणार नाही. धुतल्यावर किती उरत असेल, मला सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं उघड्या पायांनी फवारलंत, ते जास्त असेल. पण तो कॅन आजच्या आज टाकून द्या. टाकायच्या आधी भोकं पाडा, नाहीतर दुसरा कुणी उचलून नेईल."

टोकावड्याला उतरल्यावर त्याने कॅन काढला, जमिनीवर आडवा ठेवला आणि स्क्रूड्रायव्हरने त्याला भोकं पाडली. आत पाणी होतं, ते मातीत गेलं. त्या ओलीवर पाय पडू नये म्हणून तो मागे सरला.

दुसऱ्या दिवशी त्याने जीपमध्ये सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, लोक हळहळतील. पण प्रत्येकाच्या घरी तसा कॅन होता. एका बाईच्या न्हाणीत होता, एकाच्या गोठ्यात, एकाने कापून कोंबड्यांना पाण्यासाठी ठेवला होता. मी स्वतः तेव्हापासून रस्त्याने जाताना बघायला लागले, आणि मला ते निळे, पांढरे कॅन जिकडेतिकडे दिसायला लागले. माझ्या मोलकरणीने तुळशीला पाणी घालायला माझ्याच अंगणात एक आणून ठेवला होता, तोही दिसला.

"पण डॉक्टर बोलला का, त्यानंच झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही.

"मग झालं तर."

त्याने आरशातून मागे पाहिलं. "तरी टाका," तो म्हणाला. "मला माहीत नाय, पण टाका."

काहींनी टाकले असतील. बहुतेकांनी टाकले नाहीत. पुढे कितीतरी दिवस तो माणसागणिक विचारायचा, "टाकला का रे?" आणि माणसं खिडकीबाहेर बघायची.

इंजेक्शनं झाली. आग थोडी कमी झाली, मग पुन्हा तेवढीच झाली. पायांना बारीक करंट देऊन तपासणी केली. ती करून आला तेव्हा जीपमध्ये रंगवून सांगत होता, "सगळी वायरिंग बघितली. डॉक्टर बोलले, वायर खराब हायत, पण कुठनं खराब झाल्या ते सांगता येत नाय." तपासणीचा कागद त्याने मला वाचायला दिला. शेवटी एक लांबलचक इंग्रजी शब्द होता. मी सांगितलं की कारण सापडत नाही तेव्हा डॉक्टर हा शब्द लिहितात.

"असा शब्द हाय?"

"आहे."

"एवढा मोठा?" त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "म्हणजे त्यांना पण ऐकू आलं नाय."

एवढं होऊनही तो शोधायचा थांबला नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. कारण मिळालं की पाय बरे होतील, अशी त्याची पक्की समजूत होती. पाय बरे झाले नाहीत तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर तो कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. जीपच्या दारावर एक नाव रंगवलेलं होतं, पण टोकावड्यात ते कुणी घेत नसे. सगळे 'गाडीवाला' म्हणायचे. त्याची बायकोसुद्धा.

मग पुढचा हिवाळा आला. सकाळी स्टँडवर ड्रायव्हर पेंढा आणि काटक्या पेटवून शेकत बसतात. मी पोचले तेव्हा तो एका पालथ्या क्रेटवर बसला होता, पाय लांब करून. कुणीतरी नव्या सरपंचाची नक्कल करत होतं आणि तो खदखदून हसत होता. रानभाज्यांची म्हातारी डोक्यावरची पाटी उतरवता उतरवता थांबली.

"कुणाची चप्पल जळते रे?"

ज्याने त्याने आपापल्या चपला पाहिल्या. मलाही तो वास आला. त्याच्या पायात चप्पल नव्हती. गाडी नेहमी अनवाणी चालवायचा, तसाच उठून तो शेकोटीपाशी बसला होता. त्याची उजवी टाच निखाऱ्यावर होती, आणि तो अजून हसत होता.

म्हातारीने पाटी सोडली आणि त्याचा घोटा धरून पाय ओढून काढला. तो गडबडला. "काय करते मावशी," म्हणाला, आणि मग त्याने टाच पाहिली. कातडं काळं पडून वर आलं होतं. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याने तो दोन्ही हातांत धरला.

"मला कळलं नाय," तो म्हणाला.

मागे एकदा डॉक्टरांनी मला समजावलं होतं. ज्या नसा उगाच आग आग म्हणून ओरडतात, त्याच कधी कधी खऱ्या आगीला गप्प राहतात. मी ते ऐकून ठेवलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या सकाळी.

म्हातारीने कुठूनसा कोरफडीचा तुकडा आणून टाचेवर चोळला आणि वर फडकं बांधलं. तोवर जीप भरली, म्हातारीची पाटीही टपावर गेली. हे तुम्ही लक्षात ठेवा. शेजारी दुसरी जीप उभी होती, तिच्यात जागा होती, पण एकही माणूस तिकडे गेला नाही. रोजचे सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. मीही खिडकीजवळ बसले.

तो लंगडत दाराशी आला. किल्ली त्याच्या हातात होती. तो आत चढला नाही.

"उतरा," तो म्हणाला.

"अरे चल ना भाऊ, बसलोय आमी."

"उतरा गो. हाच पाय ब्रेकवर असतो. दाबला का नाय ते त्याला कळत नाय, तर तुमी कशाला बसता?"

"एवढे दिवस चालवलीस ना?"

"तेच," तो म्हणाला. "एवढे दिवस."

एकेक जण उतरला. त्याने टपावरची म्हातारीची पाटी स्वतः खाली घेतली, दुसऱ्या जीपच्या टपावर चढवली आणि दोरी बांधली. त्या ड्रायव्हरला सांगितलं, "मावशीला पुढं बसव. बाईंना खिडकी. वळणावर सावकाश घे." तो ड्रायव्हर वयाने बराच लहान होता. तो नुसती मान हलवत राहिला.

आमची गाडी निघाली. तो आपल्या जीपला टेकून उभा होता. वाटेत म्हातारी पदर तोंडाशी धरून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आधीच बिब्बा लावला असता." कुणी हसलं नाही.

टाचेची जखम भरायला फार दिवस लागले. जीप आता त्याचा पुतण्या चालवतो. घरच्यांनी भेंडी लावणं सोडलेलं नाही, पण फवारताना त्याची बायको सगळ्यांच्या पायात बूट घालायला लावते, चिखल जावो नाहीतर न जावो. माळ त्याने काढली नाही. एका म्हशीचं दूध घरात ठेवतात. मध्यंतरी तुझ्या बाबाच्या ओळखीच्या तिकडच्या डॉक्टरांना मी त्याचे कागद पाठवले होते, अर्णव. त्यांनीही इथल्या डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगितलं, फक्त आणखी नीट शब्दांत.

हल्ली गावात त्याच्याविषयी एक तक्रार ऐकू येते. गाडी गेली पण ताठा गेला नाही, समोरून जातो पण ओळख दाखवत नाही, असं म्हणतात. मलाही एकदा तसा अनुभव आला. मी डेअरीकडे निघाले होते आणि तो काठी घेऊन समोरून येत होता. रस्त्यात आम्ही दोघंच. मी हसले. तो हातभर अंतरावरून निघून गेला.

मी मागून हाक मारली, "भाऊ."

तो थांबला. आधी एक पाय नीट ठेवला, मग दुसरा त्याच्या शेजारी आणला. विजेच्या खांबाला हात लावला, आणि मग वर पाहिलं. त्याचा सगळा चेहरा उजळला.

"बाई, तुमी होय. बघितलं नाय का मी? पाय कुठं पडतो ते आता डोळ्यानंच बघायला लागतं. वर बघितलं की पडतो." मग तुमची चौकशी केली. "पोरं बरी हायत?" आणि थोडं थांबून, "तिकडं कुणी सांगितलं का काय, कशानं झालं?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"बरं."

रस्ता तिथे उखडलेला होता, म्हणून मी हात पुढे केला. त्याने मान हलवली. "नको, बाई. हात धरला की पाय विसरतात." खांब सोडला, मान खाली घातली, आणि एकेक पाऊल बघत तो निघाला.

तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा तो असाच शेजारून निघून जाईल. रागावू नका. हाक मारा आणि जागेवर उभे राहा, घाई करू नका. तो आधी दोन्ही पाय टेकवेल, कशाला तरी धरेल, मग वर बघेल.